वागो २२१ : लिव्हरवर बसणारा, आरपार दिसणारा कनेक्टर

वायरींचा जोड ढिला पडला की तेथील रोध वाढतो, रोधामुळे उष्णता वाढते आणि त्या उष्णतेने जोड आणखी ढिला होतो. म्हणून वायरी जोडणारा कनेक्टर किती चटकन बसतो यापेक्षा तो वर्षानुवर्षे वायर किती घट्ट धरून ठेवतो, हे पाहायला हवे. या कसोटीवर वागो कंपनीच्या २२१ मालिकेचे लिव्हर कनेक्टर घरगुती वायरिंगसाठी मला सर्वांत भरवशाचे वाटतात.

स्क्रूच्या साध्या कनेक्टर पट्टीत स्क्रूचे टोक थेट तांब्यावर दाबले जाते. लवचीक वायरीतल्या काही बारीक तारा त्यामुळे तुटतात, काही बाजूला सरकतात, आणि वायर वारंवार तापून थंड होत राहिली की दाबही हळूहळू कमी होतो. २२१मध्ये नारिंगी लिव्हर उचलून वायर आत सारायची आणि लिव्हर पूर्ण खाली दाबायचा. आतली पोलादी स्प्रिंग वायरीला कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पट्टीवर दाबून धरते. तांबे किंचित दबले तरी स्प्रिंगचा दाब सुटत नाही. एकतारी आणि बारीक तारांची अशा दोन्ही वायरी शेजारीशेजारी बसत असल्यामुळे दिव्याची लवचीक वायर भिंतीतल्या एकतारी वायरीला जोडताना याचा फार उपयोग होतो. नुसती वायर खुपसून बसवायच्या बहुतेक कनेक्टरांत हे जमत नाही.

पारदर्शक कवच हा याचा सर्वांत मोठा गुण. वायर ११ मिलिमीटर सोलावी लागते. ती कमी सोलली गेली तर स्प्रिंगखाली इन्सुलेशन अडकते आणि लिव्हर बंद होऊनही जोड कच्चाच राहतो. ही चूक येथे बाहेरूनच दिसते. जुन्या २२२ मालिकेच्या करड्या कवचात असे पाहता येत नव्हते, शिवाय तो कनेक्टर आकारानेही मोठा होता.

नेहमीचे २२१ कनेक्टर ४ चौरस मिलिमीटरपर्यंतच्या वायरींसाठी असून त्यांची क्षमता ४५० व्होल्ट आणि ३२ अँपिअर आहे. मात्र ३२ हा आकडा कनेक्टरचा आहे; दीड चौरस मिलिमीटरची वायर एवढा प्रवाह सुरक्षितपणे पेलत नाही, तेव्हा एमसीबी (प्रवाह जास्त झाला की वीज आपोआप तोडणारा स्विच) वायरीच्या क्षमतेनुसारच निवडावा. हे कनेक्टर पाणी अडवत नाहीत, त्यामुळे ओलसर जागी जेल भरलेली डबी हवी. ॲल्युमिनियमची वायर खास पेस्ट लावल्याशिवाय यात घालू नये, आणि मोटरच्या बोल्टवर वायर घ्यायची असेल तर क्रिंप केलेला रिंग लगच, म्हणजे वायरीच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची कडीच, योग्य.

हुबेहूब असेच दिसणारे अनेक कनेक्टर विकले जातात. ज्यांच्या कवचावर निर्मात्याचे नाव, व्होल्ट आणि अँपिअर यांपैकी काहीही छापलेले नाही, ते भिंतीतल्या वायरिंगमध्ये मी वापरणार नाही.