सारंगखेड्यातली ओळख: व्हॉट्सॲपचा नंबर द्यावा की सिग्नलचं नाव?

सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या घोडेबाजारात दोन दिवस काढले की पाच-दहा नव्या ओळखी होतात. कुणी दलाल, कुणी राजस्थानातून आलेला व्यापारी, कुणी चाऱ्याची गाडी पाठवणारा. निघताना प्रत्येकाचं एकच, "भाऊ, नंबर द्या."

व्हॉट्सॲप आणि सिग्नल, दोन्ही मेसेज पाठवायचीच ॲप. मेसेजच्या गुप्ततेत या दोन्हींत मला फारसं अंतर दिसत नाही. व्हॉट्सॲपवरचं बोलणं 2016 पासून एन्क्रिप्टेड आहे, म्हणजे बोलणाऱ्या दोघांशिवाय ते मधल्या कुणाला वाचता येत नाही, आणि ती पद्धत सिग्नलवाल्यांचीच. टेलिग्रामवर नंबराऐवजी नाव देता येतं खरं, पण तिथल्या साध्या चॅटला तसं कुलूप नसतं, म्हणून तो विचारातच घेतला नाही.

माझं घोडं अडलं ते नंबरावर. एका वर्षी चाऱ्यासाठी एकाला नंबर दिला. त्याने भल्या मनाने तो शेदोनशे जणांच्या ग्रुपमध्ये टाकला. आठवडाभरात कर्जवाले, प्लॉटवाले, रात्री अकराला घोडीचा भाव विचारणारे अनोळखी लोक सुरू झाले. ग्रुपमध्ये मला कोण घेऊ शकतं, ते सेटिंग मग बंद केलं. पण नंबर तोवर हातातून गेला होता. बदलणार कसा? बँक, आधार, पीकविमा, गॅस, सगळं त्याच नंबरावर. घरी आई फोन वाजला की दचकायची. हे मला फार लागलं.

सिग्नलवर 2024 पासून युजरनेम आहे: इंग्रजी अक्षरांतलं नाव, शेवटी निदान दोन आकडे. समोरच्याला तेवढं सांगायचं किंवा क्यूआर दाखवायचा. त्याचा पहिला मेसेज विनंती म्हणून येतो. घ्यायचा की ब्लॉक करायचा, ते आपल्या हातात. जत्रा उठली की मी ते नाव बदलून टाकतो. जोडलेली माणसं राहतात, जुन्या नावाने नवा कुणी पोचत नाही.

एक काम मात्र आठवणीने करा. 'नंबरावरून मला कोण शोधू शकतं' हे सेटिंग आपणहून 'कुणीही नाही' करावं लागतं. खातं उघडायला नंबर लागतोच, आणि ज्याच्या फोनमध्ये तो आधीच सेव्ह आहे, त्याला तो दिसणारच.

अडचण आहे ती माणसांची. बाजारात दहांत दोघा-तिघांकडेच सिग्नल निघतं. वयस्कर व्यापाऱ्याला उभ्या-उभ्या ॲप घ्यायला लावणं मला बरं वाटत नाही. त्याला मी अजूनही नंबरच देतो. शहादा-दोंडाईच्याकडचा, सोयऱ्याच्या ओळखीतला माणूस असेल तर व्हॉट्सॲप पुरेसं आहे. तुमचा बहुतेक व्यवहार अशाच लोकांशी असेल, तर कदाचित तुम्हाला बदलायची गरजही नाही.

बाकीच्यांसाठी या दत्तजयंतीला क्यूआरची छापील चिठ्ठी खिशात असेल.