राजाच्या स्वप्नाचा अर्थ कोणी लावायचा? एका व्याख्यानमालेविषयी

प्राचीन चीनच्या राजकारणातील स्वप्नांवरची एक ध्वनिमुद्रित व्याख्यानमाला मी नुकतीच पैसे भरून ऐकली. शकुन-अपशकुनांची करमणूकच पदरी पडेल, अशी धास्ती होती. पण राजाच्या स्वप्नाचा अर्थ लावण्याचा अधिकार कोणाकडे होता, हा एकच प्रश्न वक्त्यांनी आरंभापासून लावून धरला आहे.

प्रारंभ चीनमधील आनयांगला सापडलेल्या, शांग राजघराण्याच्या काळातील अस्थिलेखांनी, म्हणजे हाडांवर आणि कवचांवर कोरलेल्या कौलांच्या नोंदींनी होतो. राजा वू डिंगला स्वप्न पडले, की ते कोणत्या पूर्वजाने पाडले आणि त्यातून काही अनिष्ट ओढवेल का, याचा कौल तापवलेल्या हाडावर किंवा कासवाच्या कवचावर उमटणाऱ्या भेगांवरून घेतला जाई. याच राजाने स्वप्नात दिसलेल्या पुरुषाचा शोध घ्यायला लावून फू युए या मातीच्या भिंती ठोकणाऱ्या मजुराला प्रधान केले, अशी कथा आहे. बिनकुळीच्या माणसाला पद देताना सरदारांचे तोंड बंद करायला असे स्वप्न सोयीचेच, असे मला ऐकताना वाटले.

मालेचा कळस म्हणजे इ. स. पू. ६३२ मधील चंगपूची लढाई. चू राज्याचा राजा आपल्याला कुस्तीत पाडून, अंगावर बसून मेंदू शोषतो आहे, असे स्वप्न लढाईच्या तोंडावर प्रतिस्पर्धी जिन राज्याच्या वन राजाला पडले आणि तो घाबरला. सल्लागार हू यान याने मात्र ते शुभ ठरवले: आपण उताणे असल्याने आकाश आपल्याकडे आहे, तर पालथा पडलेला शत्रू अपराध्यासारखा वाकलेला आहे. जिनची सरशी झाली. एका वाक्यात राजाचे अवसान परत आणणाऱ्या या मुत्सद्देगिरीची उकल वक्त्यांनी घाई न करता केली आहे, आणि माझ्या मते त्यातच पैसे वसूल होतात.

‘चौ-ली’ या प्राचीन राज्यकारभारविषयक ग्रंथातील स्वप्नाधिकाऱ्याचे पद आणि स्वप्नांचे सहा प्रकार मात्र यादी वाचावी तसे उरकले आहेत. नवा गहू राजाच्या तोंडी लागणार नाही, असे त्याच्या स्वप्नावरून भाकीत करणाऱ्या मांत्रिकाला तोच गहू दाखवून ठार करणाऱ्या आणि घास घेण्याआधीच शौचकूपात पडून मरणाऱ्या जिनच्या जिंग राजालाही जेमतेम दोन मिनिटे मिळाली आहेत. सोबत नावांची लेखी सूची नसल्याने फू युए आणि हू यान यांच्यात माझा दोनदा गोंधळ झाला. ऐकताना वही जवळ ठेवावी.