फायर कंपनी की फर्स्ट एड स्क्वॉड? न्यू जर्सीत स्वयंसेवक व्हायचं मनात असेल तर

दरवर्षी गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत कोणी ना कोणी मला बाजूला घेतं. "तुम्ही त्या लाल गाडीवर जाता ना? मलाही यायचंय. नाव कुठे देऊ?" प्रश्न छोटा असतो आणि उत्तर मोठं, म्हणून ते इथे लिहिते आहे. पहिली पाच वर्षं मी आमच्या गावच्या फायर कंपनीत होते, गेली सहा वर्षं फर्स्ट एड स्क्वॉडवर आहे. दोन्हीकडचं काम हाताखालून गेलंय.

नव्याने आलेल्यांसाठी आधी एक खुलासा. इथल्या 'कंपनी'चा धंद्याशी संबंध नाही; फायर कंपनी म्हणजे गावचं अग्निशामक दल. बेंजामिन फ्रँकलिनने १७३६ साली फिलाडेल्फियात शेजाऱ्यापाजाऱ्यांना गोळा करून युनियन फायर कंपनी काढली, तेव्हापासूनचा हा शब्द. आजही अमेरिकेतल्या दर तीन अग्निशामकांपैकी साधारण दोघे बिनपगारी आहेत. आपण ज्याला सरकारी बंब समजतो, तो चालवणारा माणूस दिवसा बँकेत नाहीतर शाळेत काम करत असतो. आजारी आणि जखमी माणसांसाठीची स्वयंसेवी पथकं, म्हणजे फर्स्ट एड स्क्वॉड, बरीच नंतरची. व्हर्जिनियातल्या रोआनोकचं पथक १९२८ चं. न्यू जर्सीत बऱ्याच गावांत ही दोन घरं अजून वेगळी आहेत. इमारत वेगळी, गाड्या वेगळ्या, सभासद वेगळे. म्हणून निवड करावी लागते.

निवड करताना बहुतेक जण गाडीकडे बघतात. मी म्हणते, कॉलकडे बघा.

देशभरातल्या फायर डिपार्टमेंटांना येणाऱ्या एकूण कॉलपैकी प्रत्यक्ष आगीचे कॉल ४ टक्क्यांच्या आसपास असतात, वैद्यकीय मदतीचे ६० टक्क्यांहून जास्त. जिथे स्क्वॉड वेगळी आहे तिथे हे वैद्यकीय कॉल बहुतांशी तिच्याकडे जातात आणि फायर कंपनीच्या वाट्याला येतात अलार्म, गॅसचा वास, कार्बन मोनॉक्साइड, रस्त्यावरचे अपघात, तुटून लोंबणाऱ्या विजेच्या तारा. आणि मग अधूनमधून खरी आग.

अलार्मचे कॉल म्हणजे काय, हे आपल्या लोकांना तरी समजावून सांगायला नको. नव्या टाउनहाउसात वास्तुशांत असते, गुरुजी होम पेटवतात, छतावरचे सगळे डिटेक्टर एकमेकांना जोडलेले असतात, आणि समिधांना तूप लागल्यावर तिसऱ्या मिनिटाला अख्खं घर किंचाळायला लागतं. अलार्म कंपनीने फोन केलेला असतो. आम्ही पूर्ण पोशाखात, कुऱ्हाड हातात घेऊन दारात, आणि समोर पैठणी नेसलेली घरमालकीण रडकुंडीला आलेली. अशा वेळी "ताई, काही नाही, खिडक्या उघडा, होम चालू दे बाहेर पॅटिओवर" एवढं मराठीत बोलणारं कोणी असलं की घरातल्यांचा जीव भांड्यात पडतो. तरीही प्रत्येक अलार्मला आग आहे असं धरूनच निघायचं असतं. पहाटे अडीचला चौथ्यांदा त्याच इमारतीत जातानाही. ज्याला हे जमणार नाही, त्याने फायर कंपनीचा विचार करू नये, मग तो कितीही धाडसी असो.

स्क्वॉडचा पेजर वाजला की तिथे बहुतेक वेळा खरोखरच कोणीतरी अडचणीत असतं. पडलेले आजोबा, दम लागलेली बाई, साखर उतरलेला माणूस, गोळ्यांचा ओव्हरडोस, आणि कधीतरी थांबलेलं हृदय. नवा माणूस इथे पहिल्या महिन्यात उपयोगी पडतो. फायर कंपनीत आगीच्या तोंडाशी उभं राहायला वर्ष-दीड वर्ष सहज जातं.

माझ्या मते दोन्हींतला सर्वांत मोठा फरक वेळेचा आहे. तास दोन्हीकडे लागतात. फायरफायटर वनचा (अग्निशामकाचा पहिला) कोर्स काय किंवा ईएमटीचा (ॲम्ब्युलन्सवरच्या प्राथमिक उपचारांचा) काय, दोन्ही दीडशे ते अडीचशे तासांच्या घरात जातात; आठवड्यातल्या दोन संध्याकाळी आणि शनिवार-रविवार, असे चार-सहा महिने. फी बहुधा तुम्हाला भरावी लागत नाही. प्रश्न त्यानंतरचा आहे. स्क्वॉडमध्ये बहुतेक ठिकाणी पाळी असते: समजा दर मंगळवारी संध्याकाळी सहा ते सकाळी सहा. ती रात्र तुमची नाही; बाकीच्या सहा तुमच्या. नवऱ्याला, मुलांना, सासूबाईंना हे सांगता येतं, कॅलेंडरवर लिहिता येतं. फायर कंपनीला पाळी नसते. पेजर कुकरची शिट्टी होताना वाजतो, मुलीच्या गाण्याच्या परीक्षेला निघताना वाजतो. प्रत्येक कॉलला जायची सक्ती नसते, पण वर्षाकाठी ठरावीक टक्के कॉल आणि ड्रिल भरावे लागतात. आणि तुम्ही गेला नाहीत तर काय होतं, हे एकदा कळलं की घरी बसवत नाही. आतल्या धुरात दोघे गेले तर त्यांना बाहेर काढायला दोघे सज्ज पाहिजेत, हा नियम आहे. बंबावर तिघेच आले आणि घरात कोणी अडकलेलं नसेल, तर चौथा माणूस येईपर्यंत बाहेरूनच पाणी मारत उभं राहायचं. मी एकदा अशी तिसरी होते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ज्वाळा येत होत्या, आत कोणी नव्हतं हे नक्की होतं, आणि शेजारच्या गावचा बंब येईपर्यंत आम्ही पाऊल आत टाकलं नाही. घरमालक आमच्याकडे बघत होता. ती नजर मी विसरलेले नाही.

म्हणून रोज सकाळची ट्रेन धरून न्यूयॉर्कला जाणाऱ्यांना मी सांगते: स्क्वॉड. आणि घरून काम करणारे, स्टेशनपासून पाच मिनिटांत राहणारे, ज्यांचे साहेब अधूनमधून दीड तास सोडतात असे कोणी असतील, तर त्यांनी फायर कंपनीचं दार ठोठवावं. कामाच्या दिवशी दुपारी अकरा ते चार या वेळेत गावोगाव माणूस मिळत नाही.

आता सामानाबद्दल, कारण ते अंगावर आणि हातात घ्यायचं आहे.

फायर कंपनीचा पोशाख म्हणजे कोट, पँट, बूट, हुड, हेल्मेट, हातमोजे आणि पाठीवर सिलिंडर. सगळं मिळून वीस-पंचवीस किलो. त्या सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नसतो, साधी हवा दाबून भरलेली असते. तीस मिनिटांचा म्हणून मिळणारा सिलिंडर जिना चढून, होज (पाण्याचा पाइप) ओढून पंधरा-वीस मिनिटांत संपतो. एक तृतीयांश हवा उरली की मास्क थरथरायला लागतो, म्हणजे त्याआधीच परत फिरायला हवं होतं. तुम्ही अर्धा मिनिट हलला नाहीत तर खांद्यावरचं यंत्र कर्कश ओरडतं, जेणेकरून बाकीच्यांना तुम्ही धुरात सापडाल. मास्क चेहऱ्याला घट्ट बसावा लागतो, त्यामुळे दाढी चालत नाही, आणि दरवर्षी त्याची चाचणी होते. मंगळसूत्र, बांगड्या, कानातलं पेजर वाजताच काढायचं. धातू तापतो. मी गाडीच्या कप्प्यात एक स्टीलची डबी ठेवली होती, अजून तिथेच आहे.

बंबात समजा साडेसातशे गॅलन पाणी आहे. पावणेदोन इंची होजमधून मिनिटाला दीडशे गॅलन जातं, म्हणजे आपल्या वीस लिटरच्या अठ्ठावीस बादल्या, दर मिनिटाला. पाच मिनिटांत टाकी रिकामी. तेवढ्यात कोणीतरी हायड्रंट, म्हणजे रस्त्याकडेचा पाण्याचा नळ, जोडलेला असला पाहिजे. ड्रिलच्या रात्री हेच पुन्हा पुन्हा करतात, थंडीत, पावसात. नवशिक्याला कंटाळा येतो. येऊ दे, पण ड्रिल चुकवू नका.

स्क्वॉडचं सामान हलकं वाटतं: ऑक्सिजनची बाटली, हाताने दाबून श्वास द्यायची अँबू बॅग, घसा साफ करायचं सक्शन, हृदयाला विजेचा झटका देणारं एईडी, रक्त थांबवायचे पट्टे, ॲस्पिरिन, तीव्र ॲलर्जीसाठी एपिनेफ्रिनचं पेन, ओव्हरडोससाठी नालोक्सोन. जड असतो तो माणूस. दुसऱ्या मजल्यावरून नव्वद किलोच्या गृहस्थांना जिन्याच्या खुर्चीतून उतरवताना पाठ वाकवलीत तर तुमची पाठ गेली. मी पाहिलेल्या स्वयंसेवकांत आगीमुळे कोणी सोडून गेलं नाही, पाठीमुळे तिघे गेले. सलाईन लावणं, इसीजी वाचणं ही कामं ईएमटीची नाहीत. ती करणारे पॅरामेडिक न्यू जर्सीत हॉस्पिटलच्या वेगळ्या गाडीतून येतात. ते येईपर्यंत तुम्ही आणि तुमचे दोन हात. छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायची, सुमारे दोन इंच खोल, तीस दाबांनंतर दोन श्वास. दुसऱ्या मिनिटाला खांदे भरून येतात.

आपल्या लोकांचा खरा उपयोग कुठे होतो, हे मला एका घरात कळलं. सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेल्या आजी सोफ्यावर बसलेल्या, कपाळावर घाम. माझ्या जोडीदाराने विचारलं, मुलाने भाषांतर केलं, आणि वहीत लिहिलं गेलं की पेशंट घाबरलेली आहे. मी खाली बसले, हात हातात घेतला. त्या म्हणाल्या, "अगं, जीव घाबरा होतोय. पाठीत कळ येत्येय." घाबरणं आणि जीव घाबरा होणं यांत किती अंतर आहे, ते तुम्हाला सांगायला नको. ॲस्पिरिन दिलं, पॅरामेडिक मागवले. हृदयविकाराचा झटकाच होता. मुलगा नंतर म्हणाला, आई दोन तास बोललीच नाही, हॉस्पिटलचं बिल येईल म्हणून. असे आई-बाबा आपल्या प्रत्येक कॉम्प्लेक्समध्ये आहेत. ज्यांना मराठी, गुजराती, तेलुगू येतं अशा माणसांची स्क्वॉडला फार गरज आहे, आणि हे मी कुठल्याही स्क्वॉडच्या कॅप्टनसमोर सांगेन.

याची दुसरी बाजूही ऐका. दुसऱ्या दिवशी देवळात चार जण विचारतात, "काल त्यांच्याकडे ॲम्ब्युलन्स आली होती ना, काय झालं?" एक अक्षर बोलायचं नाही. कायदा आहेच, पण कायदा नसता तरी नाही. आपला समाज लहान आहे, सगळे सगळ्यांना ओळखतात, आणि ज्याला गप्प राहता येत नाही त्याने स्क्वॉडवर येऊ नये. शिवाय मृत्यू इथे जवळून दिसतो, ओळखीच्या चेहऱ्याचाही.

धोक्याचं म्हणाल, तर लोकांना आगीची भीती वाटते. पण वर्षानुवर्षं ड्युटीवर मरण पावणाऱ्या अमेरिकन अग्निशामकांच्या मृत्यूचं पहिलं कारण अचानक येणारा हृदयविकार हे राहिलं आहे. आपल्याकडे हृदयरोग लवकर गाठतो, म्हणून चाळिशी ओलांडलेल्यांनी फॉर्म भरण्याआधी स्ट्रेस टेस्टबद्दल डॉक्टरांशी बोलावं. दुसरं, २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अग्निशमनाचं काम कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकलं. धुराने माखलेला पोशाख कधीही घरी आणू नका, मुलांच्या कार सीटजवळ तर अजिबात नको. ज्या कंपनीत पोशाख धुवायचं खास मशीन आहे आणि ते वापरलं जातं, ती चांगली कंपनी. स्क्वॉडवर सुईचा, रक्ताचा धोका; हेपॅटायटिस बीची लस घ्या. दोन्हीकडे काम करताना दुखापत झाली तर न्यू जर्सीच्या कायद्यात स्वयंसेवकालाही भरपाईचं संरक्षण आहे.

गाडीवर लावायचा निळा दिवा दोन्हीकडच्या सभासदांना परवान्याने मिळतो. त्याने सिग्नल तोडायचा हक्क मिळत नाही. बाकीच्या गाड्यांनी वाट द्यायची असते, पण तुम्हाला वाहतुकीचे सगळे नियम पाळावेच लागतात. एच-१बी व्हिसावर असलेल्यांनी एक काळजी घ्यावी: काही गावं सेवेच्या वर्षांप्रमाणे स्वयंसेवकाच्या नावे पैसे साठवतात. फुकट काम करणं वेगळं, पैसे स्वीकारणं वेगळं. सही करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा.

कॉलेजला जाणाऱ्या मुलांना मी डोळे मिटून ईएमटीचा कोर्स सांगते, डॉक्टर व्हायचं असो वा नसो. पन्नाशीच्या पुढच्या, गुडघे कुरकुरणाऱ्या पण उमेद असलेल्या मंडळींनी फायर पोलिसांची चौकशी करावी. अपघाताच्या जागी वाहतूक वळवणारा माणूस नसेल तर आमच्यापैकीच कोणी गाडीखाली येतं. दोन्ही संस्थांत एकदम नाव देणाऱ्यांना मात्र मी थांबवते. पहिलं वर्ष एकीकडेच.

ठरवण्याआधी दोन्हीकडे ड्रिलच्या रात्री जाऊन या. चमकणारी गाडी ते दाखवतीलच. तुम्ही विचारा: गेल्या वर्षी किती कॉल आले? मंगळवारी दुपारी दोन वाजता किती जण येतात? कोणी आलं नाही तर कॉल कुठल्या गावाला जातो, आणि त्यांना पोचायला किती मिनिटं लागतात? वाईट कॉलनंतर तुम्ही सगळे बसून बोलता का? ड्रिल संपल्यावर लगेच निघू नका. ओली होज गुंडाळून परत बंबावर चढवायला अर्धा तास जातो, स्क्वॉडवर बॅगेतली प्रत्येक वस्तू मोजून यादीवर खूण करतात. तिथे उभे राहा, कोण काम करतंय आणि कोण नुसतं बोलतंय ते बघा, आणि कोणी "हे जरा धर" म्हणालं तर धरा.