आईच्या स्टेम सेल्सची उरलेली पिशवी: साठवणुकीचा अनुभव

आईला मल्टिपल मायलोमा (अस्थिमज्जेतल्या पेशींचा कर्करोग) आहे. गेल्या वर्षी तिचं ऑटोलोगस ट्रान्सप्लांट झालं, म्हणजे तिच्याच रक्तातल्या स्टेम सेल्स (नवं रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी) काढून ठेवल्या आणि जबर केमोनंतर परत चढवल्या. त्यातला अर्धा साठा अजून द्रव नायट्रोजनच्या टाकीत गोठवलेला आहे आणि त्याचं भाडं आम्ही भरतोय. ते भरावं का, असं ओपीडीत बरेच जण विचारतात, म्हणून सविस्तर लिहितो.

स्टेम सेल्स रक्तात उतरवणाऱ्या फिल्ग्रास्टिमच्या इंजेक्शनांनी तिची कंबर आणि मांड्या ठणकायच्या. मग काही तास रक्तातून पेशी वेगळ्या काढणाऱ्या अफेरेसिस मशीनवर. एका ट्रान्सप्लांटला वजनाच्या दर किलोमागे किमान २० लाख सीडी३४ पेशी (म्हणजे मोजलेल्या स्टेम सेल्स) लागतात. दोनदा पुरतील एवढ्या मिळाल्या, तेव्हा डॉक्टरांनी साठवायचं सुचवलं.

एकच ट्रान्सप्लांट करायचं असेल तर गोठवलंच पाहिजे असं नाही. मेल्फलान हे ट्रान्सप्लांटआधीच्या केमोचं औषध शरीरातून लवकर निघून जातं, त्यामुळे ४ अंशांच्या फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस ठेवलेल्या पेशीही चालतात. आपल्याकडे बरीच सेंटर्स तसंच करतात, खर्च वाचतो. गोठवण्याचा खरा उपयोग आजार उलटला तर.

आमच्या सेंटरने मात्र सगळ्याच पेशी गोठवल्या. त्यात डीएमएसओ हे गोठताना पेशींना जपणारं रसायन मिसळतात आणि मिनिटाला साधारण १ अंश या गतीने तापमान उतरवतात, नाहीतर आत बर्फाचे स्फटिक होऊन पेशी मरतात. चढवायच्या दिवशी पिशवी खाटेशेजारीच ३७ अंशांच्या पाण्यात वितळवली आणि लगेच सेंट्रल लाइनला (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीला) लावली. सिस्टर म्हणाल्या, “मावशी, घसा खवखवेल, ही लिमलेटची गोळी चघळत राहा.” खोलीत दुसऱ्या दिवशीपर्यंत लसणासारखा वास होता. डीएमएसओ असा श्वासावाटे बाहेर पडतो. आईला मळमळलं, पण तेवढंच. दोन आठवड्यांच्या आत पांढऱ्या पेशी वर आल्या. उरलेली पिशवी या चढवलेल्या पिशवीबरोबर एकाच दिवशी गोठवलेली आहे, म्हणून तिच्यावर माझा भरवसा आहे.

तक्रार आहे ती कागदपत्रांची. प्रत्येक पिशवीत किती पेशी आहेत हे लेखी मिळवायला खूप मागे लागावं लागलं, आणि भाडं पुढे किती वाढेल हे करारात नव्हतंच. टाकीबद्दलही विचारा: पिशव्या द्रवात बुडवलेल्या असतात की वाफेत? लंडनमध्ये १९९५ साली द्रव नायट्रोजनमधून एका पिशवीतला हिपॅटायटिस बी दुसऱ्या पिशव्यांत गेल्याचं उघड झालं होतं. तेव्हापासून वाफेतली साठवण अधिक सुरक्षित मानतात. आमची वाफेतच आहे.

आता भाड्याचं. नवीन औषधं आल्यामुळे अशा कितीतरी पिशव्या कधीच बाहेर निघत नाहीत. पहिल्या ट्रान्सप्लांटनंतर आजार चांगली काही वर्षं आटोक्यात राहिला, तरच दुसऱ्याचा विचार होतो. तरी आम्ही नूतनीकरण करणार आहोत. आई अजून साठीच्या आत आहे, किडन्या चांगल्या आहेत, आणि लेनालिडोमाइड हे मायलोमाचं औषध दीर्घकाळ घेतल्यावर पुन्हा पुरेशा पेशी गोळा होणं अवघड जातं. रुग्ण सत्तरीच्या पुढचा असेल किंवा हृदय कमजोर असेल, तर पैसे भरण्याआधी हेमॅटॉलॉजिस्टना सरळ विचारा, “दुसरं ट्रान्सप्लांट तुम्ही खरंच कराल का?”