सई की मुक्ता? मुलीचे नाव ठरवताना दोन नावांचा तुलनात्मक विचार

बारसे तोंडावर आले आहे, आत्याच्या मनात एक नाव आहे, आईच्या मनात दुसरे, आणि पाळण्याला फुले बांधायची वेळ झाली तरी कागदावर दोन्ही नावे तशीच आहेत, अशा घरांसाठी हा आढावा लिहिला आहे. सई आणि मुक्ता ही नावे बहुधा एकाच यादीत सापडतात, कारण ती निवडणाऱ्यांची आवड एकच असते: नाव लहान हवे, मराठी हवे, जुने असावे पण जुनाट वाटू नये. या कसोट्यांना दोन्ही नावे उतरतात. फरक आहे तो अर्थात आणि रोजच्या वापरात, आणि माझ्या मते निर्णय शेवटी वापराकडे पाहून व्हायला हवा.

सई हा शब्द संस्कृत ‘सखी’पासून आला. प्राकृतात मधल्या ‘ख’चा ‘ह’ होऊन सखीची ‘सही’ झाली आणि मराठीत तो ‘ह’ही गळून ‘सई’ उरली. सातवाहन राजा हाल याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या महाराष्ट्री प्राकृतातील गाथासंग्रहात मैत्रिणीला उद्देशून म्हटलेल्या कितीतरी गाथा आहेत आणि त्यांतली हाक ‘सहि’ अशीच आहे. (त्या संग्रहाच्या ‘सत्तसई’ या नावातील सई मात्र वेगळी आहे, ती ‘शती’पासून, म्हणजे शंभरावरून आली.) जात्यावर बसलेल्या बायका एकमेकींना ‘सये’ म्हणत, ती हाक याच घराण्यातली. इतिहासात हे नाव ठळक झाले ते सईबाईंमुळे. फलटणच्या निंबाळकर घराण्यातल्या सईबाई या शिवाजी महाराजांच्या पहिल्या पत्नी आणि संभाजी महाराजांच्या आई. ५ सप्टेंबर १६५९ रोजी राजगडावर त्यांचे निधन झाले, तेव्हा संभाजी महाराज जेमतेम सव्वादोन वर्षांचे होते. गडाच्या पायथ्याशी पाल गावात त्यांची समाधी आहे. त्यांच्या एका मुलीचे नाव सखुबाई होते, म्हणजे आईचे नाव प्राकृताच्या वाटेने आलेले आणि मुलीचे थेट सखीवरून, अशी एकाच शब्दाची दोन रूपे त्या घरात नांदत होती.

मुक्ता हे नाव संस्कृत ‘मुच्’ म्हणजे सोडणे, सुटणे या धातूपासून बनले आहे. त्याचा पहिला अर्थ ‘मोकळी झालेली’ असा आहे. दुसरा अर्थ मोती हा आहे, आणि आपला रोजचा ‘मोती’ हा शब्दसुद्धा मुक्ता, मौक्तिक या मालिकेतूनच घडला आहे. मुक्ता म्हणजे मोती हे आज अनेकांना सांगावे लागते, कारण ‘मुक्ताफळे उधळणे’ या वाक्प्रचाराने त्या अर्थाची थोडी नाचक्की केली आहे; पण नाव ठेवताना त्याची धास्ती घेण्याचे कारण नाही.

या नावामागे उभी असलेली पहिली व्यक्ती अर्थातच संत मुक्ताबाई. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता ही चार भावंडांची नावे क्रमाने उच्चारली की निवृत्ती, ज्ञान, त्यापुढचा जिना आणि शेवटी मुक्ती असा एक प्रवासच समोर येतो, असे वारकरी परंपरेत आवर्जून सांगितले जाते. परंपरा असेही सांगते की लोकांच्या वागण्याने दुखावलेले ज्ञानदेव दार लावून बसले, तेव्हा ते उघडायला लावणारे ताटीचे अभंग या धाकट्या बहिणीचे आहेत. वयाने लहान असून मोठ्या भावाला समजावणारी, आणि योगी चांगदेवांची गुरू झालेली मुलगी या नावाशी कायमची जोडली गेली आहे. जळगाव जिल्ह्यातील एदलाबादचे नाव तिच्यावरूनच मुक्ताईनगर झाले आणि आषाढीला तिथून तिची पालखी पंढरपूरला जाते. मला तितकीच महत्त्वाची वाटते ती दुसरी मुक्ता, पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकलेली मुक्ता साळवे. तिने १८५५ मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला, तेव्हा ती अवघी चौदा-पंधरा वर्षांची होती. एकाच नावाच्या दोन मुली, सुमारे साडेपाचशे वर्षांच्या अंतराने, मोठ्यांना खडे बोल सुनावतात, हे मुलीला पुढे सांगण्यासारखे आहे. सईच्या बाजूने इतके भरीव सांगता येत नाही.

लोकप्रियतेविषयी सावधपणे बोलावे लागते. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये सरकार दरवर्षी नवजात मुलांच्या नावांची क्रमवारी प्रसिद्ध करते; आपल्याकडे तशी अधिकृत यादी निघत नाही, त्यामुळे टक्केवारी सांगणाऱ्या संकेतस्थळांवर विसंबू नये. १९३८ साली जन्मलेल्या दिग्दर्शिका सई परांजपे यांच्या पिढीत हे नाव विरळाच होते. आज माझ्या ओळखीच्याच चार घरांत सई आहे आणि वर्गात ‘मोठी सई, धाकटी सई’ अशी विभागणी ऐकू येते. मुक्ता परिचित आहे, अभिनेत्री मुक्ता बर्वे यांच्यामुळे तर घरोघरी पोहोचलेले आहे, तरी वर्गात दुसरी मुक्ता सहसा भेटत नाही.

आता वापराकडे वळतो. माझ्या मावसबहिणीच्या मुलीचे नाव सई. जन्मदाखल्यावर ते ‘साई’ असे छापून आले, कारण अर्ज भरताना रोमन लिपीत एस-ए-आय ही तीनच अक्षरे लिहिली होती आणि मराठी रूप त्यावरून तयार झाले. दाखला दुरुस्त करायला दोन महिने गेले, तोवर लसीकरणाच्या कार्डावरही साई चढले होते. पुढे त्यांनी शेवटी डबल ई लावली, तर आता परगावचे लोक ‘साएई’ वाचतात. दक्षिणेत साई हे मुलामुलींच्या दोघांच्याही नावात येते, त्यामुळे नुसत्या रोमन अक्षरांवरून मुलगा की मुलगी हेही कळत नाही. परदेशात त्याचे ‘साय’ होते. मुक्ताचे रोमन रूप एकच आहे. इंग्रजी वळणाची जीभ त्याचे ‘मक्ता’ करते खरी, पण एकदा सांगितले की सुधारते. शिवाय शब्द संस्कृत असल्याने तो भारतभर कळतो आणि बंगालीत तर मुलींचे नाव म्हणून तो रुळलेला आहे. सई मराठी मुलखाबाहेर समजावून द्यावी लागते.

मुक्ताची अडचण वेगळी आहे. ‘क्त’ हे जोडाक्षर लहान मुलांना जमत नाही, घरातला मोठा भाऊ पहिली काही वर्षे ‘मुत्ता’ म्हणतो आणि बालवाडीत त्यावरून चिडवणे होऊ शकते. हा त्रास खरा आहे, तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण जीभ वळू लागली की तो संपतो, आणि सईच्या कागदांचा घोळ दहावीच्या गुणपत्रिकेपासून पासपोर्टपर्यंत पाठ सोडत नाही. माझा कौल मुक्ताकडे झुकतो तो मुख्यतः एवढ्यासाठी.

राशीचे अक्षर पाहणाऱ्या घरांत प्रश्न लवकर सुटतो: ‘सा’ हे शततारकेचे, म्हणजे कुंभ राशीचे अक्षर मानतात, आणि ‘मू’ मघेचे, म्हणजे सिंह राशीचे.

नावासाठी कायद्याने फार घाई केलेली नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार जन्माची नोंद एकवीस दिवसांत करायची असली, तरी नाव बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येते. मात्र १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी महाराष्ट्रात शासकीय कागदपत्रांवर मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम आहे, म्हणून निवडलेले नाव या चारही शब्दांसह मोठ्याने म्हणून पाहावे. आईचे नाव इरावती किंवा ईशा असेल, तर सईतला शेवटचा स्वर त्यात मिसळून जातो आणि मुलीचे नाव नेमके कुठे संपले ते ऐकणाऱ्याला कळत नाही. मुक्ताच्या बाबतीत हीच परीक्षा आईचे नाव ‘आ’ने सुरू होत असेल तेव्हा घ्यावी. आणि कौल सईकडेच गेला, तर अर्जावर देवनागरी नाव स्वतःच्या हाताने, सुटे आणि ठळक लिहावे, आणि दाखल्याची प्रत हातात पडताच तिथेच उभे राहून वाचावी.