चावीचा किचन टायमर (साठ मिनिटांचा): दीड वर्ष रोज वापरून लिहितेय

हा रिव्ह्यू साध्या चावीच्या किचन टायमरचा आहे, तो गोल फिरवायचा असतो ना, साठ मिनिटांपर्यंत, टिकटिक करत शून्यावर आला की घंटी वाजते, तोच. नाशिकच्या भांडी बाजारातून २६० रुपयांना घेतला. कंपनीचं नाव ना डब्यावर ना टायमरवर, सेल लागत नाही, चार्जिंग लागत नाही, आत नुसती स्प्रिंग आहे. कुकरसाठी नव्हता घेतला, जर्मन शिकायला घेतला होता. दीड वर्षात एक दिवसही कपाटात गेला नाही म्हणून आता सविस्तर लिहितेय, कारण टायमर घेऊन तो कशाला बांधायचा हे कोणी सांगत नाही आणि खरी गंमत तिथंच आहे.

मी स्टाफ नर्स आहे, वय ३४, तिन्ही पाळ्या करते. जर्मनीत नर्स म्हणून जायचंय. तिकडं भाषेशिवाय काही चालत नाही. जर्मनच्या पातळ्या असतात, ए-वन सगळ्यात खालची, तिथून चढत बी-वन करायचं, मग पुढं बी-टू. हे ठरवून मला तीन वर्षं झाली होती आणि तीन वर्षांत ए-वनच्या पुस्तकाचे पहिले चार धडे झाले होते, ते पण दोन-दोनदा, कारण दर वेळी मध्ये खंड पडायचा आणि परत पहिल्यापासून. इच्छा नव्हती असं नाही हो. रात्री झोपताना रोज डोक्यात तेच असायचं.

मध्ये एका मॅनिफेस्टेशनच्या वर्कशॉपला पण जाऊन आले, एक दिवसाचं, ३५०० रुपये. नाव घेत नाही. तिथं सांगितलं की ध्येय मिळालंच आहे असं समजून चित्र रंगवा, फोटो चिकटवा, वहीत सकाळी ३ वेळा, दुपारी ६ वेळा, रात्री ९ वेळा तेच वाक्य लिहा. मी सगळं मनापासून केलं. कपाटाच्या दारावर म्युनिकचा फोटो लावला, वही भरली, आणि खरं सांगते, त्या दोन महिन्यांत जेवढं छान वाटलं तेवढं आधी कधी वाटलं नव्हतं, फक्त पुस्तक उघडलं नाही. जाऊन आल्यासारखंच वाटायचं, मग पुस्तक कशाला उघडा. पैसे गेले त्याचं दुःख नाही, ते दोन महिने गेले त्याचं आहे.

नंतर श्रावणात घरी सत्यनारायण होता. गुरुजींनी हातात अक्षता दिल्या, पळीनं पाणी घातलं आणि संकल्प सुरू केला, शालिवाहन शके १९४६, क्रोधी नाम संवत्सरे, दक्षिणायने, वर्षा ऋतौ, श्रावण मासे, मग पक्ष, तिथी, वार. मग जागा. भरतखंडे, दंडकारण्ये, गोदावरीच्या उत्तर तीरावर, कारण आम्ही पंचवटीतले. मग कोण करतंय, त्याचं गोत्र, नाव, आणि हे सगळं झाल्यावर शेवटी काय करणार ते, 'करिष्ये' म्हणून पाणी ताम्हणात सोडायचं. लहानपणापासून शंभरदा ऐकलेलं, पण त्या दिवशी पहिल्यांदा नीट कान देऊन ऐकलं. संकल्पात 'मला अमुक मिळो' हे एवढंसं असतं आणि कुठं, कधी, कोण हेच जास्त असतं. माझ्याकडं काय होतं? जर्मनीला जायचंय. ना तिथी, ना तीर. ती इच्छा होती, तिला मी तीन वर्षं संकल्प म्हणत होते.

दुसऱ्याच दिवशी ठरवलं, रोज सकाळी सात ते आठ. पाच दिवस चाललं आणि सहाव्या दिवशी मॉर्निंग ड्युटी लागली. पाळ्या करणाऱ्यांना घड्याळातली वेळ धरून काही ठरवता येत नाही, हे माझ्या सगळ्या सिस्टर लोकांना माहितीये, नाइटच्या आठवड्यात सकाळी सात म्हणजे हँडओव्हर चाललेला असतो. मग आमच्या ऑनलाइन क्लासमध्ये वेन-डानची वाक्यं शिकवत होते, म्हणजे 'जर असं झालं तर मी तसं करीन', आणि मॅडमनी सहज सांगितलं की ह्याच वेन-डानवर जर्मनीत मोठं संशोधन झालंय. मी शोधून वाचलं. पीटर गोलवित्झर म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत, कोन्स्टान्झ विद्यापीठातले. त्यांनी विद्यार्थ्यांना नाताळाच्या सुट्टीत, सण सुरू झाल्यापासून दोन दिवसांत एक अहवाल लिहून पाठवायला सांगितलं होतं. निम्म्यांना म्हणाले की नेमकं कुठं बसून आणि कधी लिहिणार ते आधीच ठरवून ठेवा, बाकीच्यांना काही म्हणाले नाहीत. ज्यांनी जागा-वेळ ठरवली त्यांच्यातल्या साधारण तीन चतुर्थांश जणांनी लिहिला, बाकीच्यांपैकी एक तृतीयांश. पुढं २००६ मध्ये त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी असे ९४ प्रयोग एकत्र करून बघितले, तर नुसतं ठरवण्यापेक्षा 'जर-तर' करून ठरवलेलं बरंच जास्त पार पडतं असं निघालं. मला तर गुरुजींची पळीच आठवली.

आणि ते 'जर' म्हणजे वेळच पाहिजे असं नाही, प्रसंग पण चालतो. हे कळलं आणि माझं कोडं सुटलं. कुठलीही पाळी असो, घरी आल्यावर मी हातपाय धुते आणि चहा घेते, सकाळी नऊला असो, दुपारी चारला असो नाहीतर रात्री साडेदहाला. तर ठरवलं, चहाचा कप खाली ठेवला की त्याच हातानं टायमर फिरवायचा. टेबल तेच, खुर्ची तीच, कप ठेवायची जागा तीच आणि टायमर कपाच्या शेजारी. फोन आतल्या खोलीत.

आता टायमरबद्दल. मोबाईलमध्ये टायमर फुकट आहे मग हा कशाला, असं मला भावानं पण विचारलं. मोबाईल हातात घेतला की टायमर लावायच्या आधी वॉर्डाच्या ग्रुपवरचे तीस मेसेज दिसतात. हा टायमर हातात घेतला की त्यात दुसरं काहीच नाही. शिवाय फिरवताना बोटांना स्प्रिंगचा जोर लागतो, कर्रर्र असा, आणि सोडला की टिकटिक चालू. मला तो क्षण फार आवडतो. ताम्हणात पाणी सोडण्यासारखा आहे, आता सुरू झालं, आता माघार नाही. मी पंचवीस मिनिटांवर लावते, मग पाच मिनिटं उठायचं, परत पंचवीस. ही पद्धत इटलीच्या फ्रान्चेस्को चिरिल्लो यांची, १९८० च्या दशकाच्या शेवटी ते विद्यार्थी असताना त्यांचं अभ्यासात लक्ष लागत नव्हतं, म्हणून स्वयंपाकघरातला टोमॅटोच्या आकाराचा टायमर वापरला. इटालियनमध्ये टोमॅटोला पोमोदोरो म्हणतात, त्यावरून पोमोदोरो नाव पडलं. म्हणजे मुळात हे किचन टायमरचंच काम आहे.

टिकटिकीचा आवाज मोठा आहे, हे आधीच सांगते. लाकडी टेबलावर ठेवला तर टेबल पण वाजतं. मी खाली चौघडी करून नॅपकिन ठेवते, मग सुसह्य होतं. पहिले चार दिवस त्रास झाला, नंतर उलटं झालं, टिकटिक सुरू झाली की डोकं आपोआप पुस्तकात जातं. पण रात्री साडेदहाला घरात कोणी झोपलेलं असेल तर विचार करा, आमच्या घरी आईनं दोन आठवडे कुरकुर केली. वेळ अगदी अचूक नाही, पंचवीसला लावला तर कधी सव्वीस होतात, स्वयंपाकात अंड्याला फरक पडेल, अभ्यासाला नाही. घंटी तीन-चार सेकंद वाजते आणि थांबते, बाल्कनीत असलात तर ऐकू येणार नाही. पाठीमागचं लोहचुंबक कमजोर आहे, फ्रिजवर लावला तर हळूहळू खाली घसरतो.

एक गोष्ट दुकानदारानं सांगितली नव्हती. कमी मिनिटांवर थेट लावला तर स्प्रिंगला पूर्ण पीळ बसत नाही आणि घंटी नीट वाजतच नाही. आधी तीसपर्यंत फिरवायचा आणि मग उलटा दहावर आणायचा. हे मला दहा मिनिटांच्या दिवसांमुळे कळलं. ज्या दिवशी वॉर्डात पेशंट जातो त्या दिवशी घरी येऊन पंचवीस मिनिटं होत नाहीत, डोळ्यासमोर नातेवाईक असतात. सुरुवातीला असे दिवस मी सोडून द्यायचे आणि एक सोडला की चार जायचे. मग त्यालाच 'जर' केलं, जर पेशंट गेला तर फक्त दहा मिनिटं, फक्त जुने शब्द, उभं राहून मोठ्यानं. त्यानंतर असे दिवस बरेच आले. एकही सोडला नाही. ह्याचा मला परीक्षेच्या मार्कांपेक्षा जास्त अभिमान आहे.

म्युनिकचा फोटो मी काढून टाकला, पण त्याचं कारण मला नंतर कळलं. गाब्रिएले ओटिंगेन म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत, त्या गोलवित्झरांच्या सहकारी आणि पत्नी. त्यांनी वजन कमी करायला आलेल्या बायकांचा वर्षभर अभ्यास केला, १९९१ मध्ये तो छापून आला. ज्यांना 'मला जमेल' असा भरवसा होता त्यांचं वजन जास्त उतरलं. पण ज्या बारीक झाल्याची सुंदर चित्रं मनात रंगवत बसायच्या त्यांचं कमी उतरलं, इतरांपेक्षा साधारण ११ किलोनं कमी. भरवसा वेगळा आणि स्वप्नरंजन वेगळं, हे मी दोन्ही एकच समजत होते. ओटिंगेन म्हणतात की इच्छा मनात आणा, फळ पण आणा, पण लगेच त्याच्यापुढं आपल्या आतला अडथळा ठेवा आणि मग जर-तर करा. हे मी एका रविवारी कागदावर केलं. अडथळा म्हणून आधी 'ड्युटी' लिहिलं. मग बराच वेळ बसले आणि खोडलं. खरा अडथळा हा होता की क्लासमध्ये सगळी एकोणीस-वीस वर्षांची मुलं आणि त्यांच्यासमोर चुकीचं बोलायची मला लाज वाटायची, म्हणून मी माइक बंद ठेवायचे. हे कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःला पण नाही. मग जर-तर केलं, जर समजलं नाही तर 'क्योनन झी दास बिटे वीडरहोलन' म्हणायचं, म्हणजे कृपया परत सांगाल का. हे एक वाक्य मी टायमर लावून दोनशे वेळा तरी म्हणलं असेन. परीक्षेत बोलताना तेच कामी आलं.

बी-वनची परीक्षा पुण्याला मॅक्स म्युलर भवनात दिली, जर्मनच्या परीक्षा तिथं होतात. बी-वनला चार भाग असतात, वाचन, ऐकणं, लेखन, बोलणं, प्रत्येकात १०० पैकी ६० पाहिजेत आणि एखादा राहिला तर तेवढाच परत देता येतो. वाचनात ७७, बोलण्यात ७१, ऐकण्यात ६३. लेखनात ५४, म्हणजे लेखन राहिलं. आणि ह्यात माझ्या वापरण्याच्या पद्धतीची चूक आहे, म्हणून मुद्दाम लिहिते. लेखनाचा पेपर सलग साठ मिनिटांचा, तीन मजकूर, पहिले दोन साधारण ८० शब्दांचे आणि तिसरा ४० शब्दांचा ईमेल. मी वर्षभर पंचवीस झाले की उठत होते. पेपरात अर्ध्या तासाच्या आसपास डोकं थांबलं, जसं काही घंटी वाजलीय, आणि तिसरा ईमेल अर्धवट राहिला. तेव्हा जे कोणी स्पर्धा परीक्षेसाठी हा वापरणार असाल त्यांनी पंचवीस-पाचची सवय लावा, पण शेवटचे दोन-तीन महिने पेपर जेवढ्या वेळाचा तेवढी सलग बैठक ठेवा. हा टायमर साठच्या पुढं जात नाही, त्यामुळे दोन-तीन तासांच्या पेपरला कमी पडेल.

५४ बघून रडू आलं, खोटं कशाला सांगू. पण तीन वर्षांपूर्वीची मी असते तर 'आपल्याला भाषा जमतच नाही' म्हणून वही बंद केली असती. आता मनात आलं ते असं की तिसरा ईमेल पंधरा मिनिटांत कसा होईल. एवढा फरक पडला. त्याच संध्याकाळी परत येताना एसटीत नवीन जर-तर लिहिलं आणि घरी आल्यावर चहा पिऊन टायमर पूर्ण साठवर फिरवला.

घ्यायचा असेल तर दुकानात जाऊनच घ्या, ऑनलाइन आवाज कळत नाही. तिथंच तीसपर्यंत फिरवून मग दोनवर आणा आणि घंटी वाजेपर्यंत थांबा, दुकानदार घाई करतील, थांबा. काटा अडकत-अडकत येत असेल तर दुसरा मागा. प्लास्टिकपेक्षा पत्र्याचा जरा महाग पडतो, पण हातातून पडला तरी टिकतो, माझा दोनदा पडलाय. पाचपैकी चार स्टार, एक घंटीचा आणि चुंबकाचा मिळून कापला.

मागच्या महिन्यात दुसरा घेतला, आईसाठी. तिला गुडघ्याचे व्यायाम दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं सांगितलेत आणि ती रोज 'करीन गं नंतर' म्हणायची. मी म्हणलं, आई, नंतर म्हणजे कधी ते सांग. ती म्हणाली, चहाचं आधण ठेवलं की. आता आमच्याकडं दोन टिकटिकी असतात, तिची ओट्यावर आणि माझी टेबलावर, आणि माझ्या टिकटिकीबद्दलची तिची कुरकुर थांबलीय.