डायनॅमोच्या दिव्याला हॅलोजन बल्बच शोधावा की दुसरं काही घ्यावं?

शेतपंपाची लाइन रात्री आली की ओलितासाठी पांदणीने वावरात जावंच लागतं. समोर रोही (नीलगाय) उभा आहे की बाभळीचं खोड, हे वेळेवर दिसलं पाहिजे. माझ्या सायकलच्या हॅलोजन दिव्याचा बल्ब कार्तिकात उडाला. तालुक्याच्या बाजारात तीन दुकानं फिरलो, तर तिघांनी तीन वेगळे बल्ब हातात ठेवले. ज्यांच्यावर हीच वेळ आली आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

आधी जुना बल्ब काढून त्याच्या बुडावरचे आकडे वाचा. फार बारीक असतात, मोबाइलच्या कॅमेऱ्यात मोठे करून बघा. माझ्या बल्बवर ६ व्होल्ट, २.४ वॅट होतं. या हॅलोजनला एचएस३ म्हणतात. त्याला आटे नसतात, बुडाभोवती धातूची चपटी कडा असते.

त्याच जातीचा बल्ब मिळाला तर दिव्यात काहीच बदलावं लागत नाही. दिव्याची वाटी या बल्बच्या तारेच्या जागेनुसार घडवलेली असते, म्हणून उजेड रस्त्यावर नेमका पडतो. हॅलोजन वायूमुळे तारेतून उडालेला धातू परत तारेवर जातो आणि काच काळी पडत नाही. अडचण मिळण्याची आहे. गावात तो नाहीच, नागपुरात शोधावा लागतो किंवा ऑनलाइन मागवावा लागतो. मागवलाच तर दोन घ्या. बसवताना काचेला बोट लावू नका, रुमालाने धरा. बोटाचा तेलकटपणा तापलेल्या काचेला सोसत नाही.

साधा आट्याचा बल्ब सायकलच्या दुकानात मिळतो आणि स्वस्तही असतो. तुमच्या दिव्यात आट्याचं होल्डर असेल तर पुढे शोधूच नका, तोच घ्या. उजेड पिवळट असतो आणि काच हळूहळू काळवंडते, पण उडाला तर दुसऱ्या दिवशी नवा मिळतो. कडेच्या होल्डरमध्ये मात्र तो बसत नाही. कागद कोंबून, तार गुंडाळून बसवला तरी खड्ड्यात चाक आदळलं की दिवा जातो.

वॅट जास्त तर उजेड जास्त, असं सांगून मला एका दुकानदाराने मोपेडचा ६ व्होल्ट १५ वॅटचा बल्ब दिला. घरी लावला तर तार नुसती लालसर झाली. सायकलचा डायनॅमो एकूण ३ वॅटचा, म्हणजे साधारण अर्धा अँपिअर देणारा. त्यातले २.४ वॅट पुढच्या दिव्याचे आणि ०.६ मागच्याचे. याच हिशेबात माझा बल्ब का उडाला तेही सापडलं. कडब्याच्या पेंढ्या बांधताना मागच्या दिव्याची वायर तुटली होती, ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मागचा वाटाही पुढच्याच तारेतून जाऊ लागला. उतारावर वेग वाढला आणि बल्ब गेला. मागचा दिवा लावायचाच नसेल तर पुढे ६ व्होल्ट ३ वॅटचा बल्ब शोधा.

त्याच होल्डरमध्ये बसणारे एलईडी बल्बही मिळतात. बॅटरीच्या टॉर्चसाठी केलेला एलईडी मात्र डायनॅमोला लावू नका. डायनॅमोची वीज एसी असते, त्यामुळे तो लुकलुकतो, आणि वेग वाढला की जळूही शकतो. सायकल डायनॅमोसाठी असं लिहिलेलाच घ्या. तरीही जुन्या वाटीत त्याचा झोत विखुरतो. बदलायचंच असेल तर डायनॅमोवर चालणारा पूर्ण एलईडी दिवा घ्यावा. थांबल्यावरही थोडा वेळ जळत राहणारे दिवे त्यात येतात.

चार्जिंगचा दिवा हँडलला अडकवायचा, हा सगळ्यात सोपा मार्ग. सायकल थांबली की डायनॅमोचा दिवा विझतो, हा मात्र जळत राहतो. काढून हातात घेतला की मोटारीच्या खोपडीत साप आहे का तेही बघता येतं. पावसाळ्यात काळी माती टायरला चिकटून डायनॅमोचं चाक घसरतं, तेव्हाही हाच कामी येतो. पण दिवसभर लाइट नसली तर चार्ज कुठे करणार?

रोज रात्री जाणं असेल तर मी चार्जिंगचा दिवा घेईन आणि डायनॅमो काढणार नाही. आठवड्यातून एखाद्या वेळी जात असाल आणि दिवा हॅलोजनचा असेल, तर एचएस३ मागवा. तो येईपर्यंत मागच्या दिव्याची वायर तेवढी जोडून ठेवा, नाहीतर नवा बल्बही पहिल्याच उतारावर जाईल.